पिशवी काढलेल्या बायकांच्या पुढच्या आयुष्याचं काय?

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य, आणि गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाचे पदाधिकारी यांस,



बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची माहिती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने २०१९मध्ये घेतली, तेव्हा १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. त्यानंतर खासगी दवाखान्यांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक झाली. ५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही अनावश्यक शस्त्रक्रिया रोखणाऱ्या मार्गदर्शक सूचना तीन महिन्यांत लागू करायला राज्यांना सांगितलं. हे सगळं उद्याच्या बाईला वाचवण्यासाठी आहे. ज्यांची पिशवी आधीच निघाली, त्यांच्यासाठी हे पत्र.

गर्भाशयासोबत अंडाशयही काढलं गेलं असेल, तर पंचेचाळिशी-पन्नाशीत हळूहळू होणारा बदल पस्तिशीच्या बाईवर एका दिवसात कोसळतो. अंगातून वाफा निघतात, झोप उडते, सांधे धरतात, जीव घाबरा होतो. इस्ट्रोजेन एकदम घटल्याने हाडं झपाट्याने विरळ होतात, पुढे हृदयविकाराचा धोकाही वाढतो. अंडाशय राखलं असलं तरी ते लवकर थकू शकतं. आणि पाळीच नसल्यामुळे ते कधी थकलं, हे बाईला कळतही नाही. कमरेची कळ ‘कामामुळे असेल’ म्हणून ती अंगावर काढते.

पाळी गेलेल्या बायकांना ‘रोज अर्धा तास चाला, कोवळं ऊन घ्या’ असं सांगितलं जातं. दिवसभर उन्हात कोयता चालवून डोक्यावर मोळी वाहणाऱ्या बाईला हा सल्ला कसला द्यायचा? तिला कमी पडतं ते अन्न आणि विश्रांती. पाळी गेलेल्या स्त्रीला रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं, असं राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२०च्या शिफारशी सांगतात. कोपीवरच्या (तळावरच्या झोपडीतल्या) भाकरी, ठेचा आणि कोऱ्या चहातून त्याचा थोडासाच भाग मिळतो, कारण बाजरी-ज्वारीत कॅल्शियम फार नसतं. नाचणीत मात्र १०० ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतं. हुलग्याचं माडगं, तिळाची चटणी, शेवग्याच्या पाल्याची भाजी हे तर मराठवाड्याच्या घरातलेच पदार्थ, त्यांतूनही कॅल्शियम मिळतं. हुलग्या-डाळींतून प्रथिनंही मिळतात, जी स्नायू टिकवायला लागतात. भूक आणि शीण मारायला लावली जाणारी मिश्री हाडांना आणखी पोखरते. ती सोडवायची तर आधी पोटभर जेवण आणि मग धीराने समजावणारं माणूस हवं.

म्हणून माझ्या मागण्या अशा:

१. दसऱ्याच्या सुमारास, टोळ्या गाव सोडण्याआधी, प्राथमिक आरोग्य केंद्रात अशा प्रत्येक महिलेची तपासणी व्हावी. अंडाशय राहिलं आहे की नाही, हे दवाखान्याच्या कागदांवरून किंवा सोनोग्राफीने पाहून तिच्या आरोग्यपत्रिकेत लिहावं. रक्तदाब, साखर आणि हिमोग्लोबिन तपासावं.

२. कमी वयात अंडाशय गेलेल्या महिलेला, तिच्या प्रकृतीला चालत असेल तर, नैसर्गिक पाळी जाण्याच्या वयापर्यंत संप्रेरक उपचार देणं ही वैद्यकशास्त्राची मान्य रीत आहे. त्याचा निर्णय जिल्हा रुग्णालयातल्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी घ्यावा आणि औषध मोफत मिळावं.

३. हंगामात आरोग्य पथक फडाजवळच्या तळावर यावं. तपासणीच्या दिवसाचा खाडा (गैरहजेरीचा दंड) कापला जाऊ नये. एका दिवसाच्या मजुरीच्या भीतीपायी बाई दुखणं लपवते.

४. उचल देताना दर कोयत्यामागे (म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीमागे) नाचणी, हुलगे, तीळ आणि शेंगदाण्यांचा शिधा मिळावा. तळावर स्वच्छ पाणी आणि शौचालय असावं.

पैशाची अडचण सांगू नये. गाळपाच्या दर टनामागे कारखान्याचे १० रुपये आणि तेवढीच सरकारची भर, अशी महामंडळाच्या निधीची रचना आहे. त्या प्रत्येक टनात या बायकांनी तोडलेला ऊस आहे.

चाळिशीच्या आत गर्भाशय गमावलेल्या या महिलांपुढे अजून तीस-चाळीस वर्षांचं आयुष्य आहे. महामंडळाच्या पुढच्या बैठकीत हा विषय पहिला घ्यावा आणि येत्या गळीत हंगामाआधी तपासणीची तारीख जाहीर करावी, ही कळकळीची विनंती.

आपली,
मराठवाड्यातील एक नागरिक