कॉफी हाउसचा मालक कोण?



मागे तालुक्यातील काही शेतकरी कुटुंबांबरोबर अभ्यास सहलीला बंगळूरला जाण्याचा योग आला. सकाळी भर शहरात, चर्च स्ट्रीटवरच्या इंडियन कॉफी हाउसमध्ये न्याहारीला बसलो. साधी टेबले आणि पांढऱ्या पोशाखातले, फेटेवाले वाढपी. कुणी डोसा घेतला, कुणी आम्लेट, आणि वर गरम कॉफी. बिल पाहून मंडळींचे चेहरे खुलले. एवढ्या मोठ्या शहराच्या मध्यावर असा भाव कुणाला अपेक्षित नव्हता.

एका वहिनींनी विचारले, "साहेब, याचा मालक कोण?"

मी म्हणालो, "तुमच्यापुढे कप ठेवून गेला ना, तोच!"

ही गंमत नव्हे. १९२९ नंतर जगभर मंदी आली आणि कॉफीचे भाव कोसळले. कोडगू, चिकमगळूरकडच्या बागाईतदारांचा माल पडून राहू लागला. तेव्हा देशातच गिऱ्हाईक तयार करावे, असा विचार झाला. कॉफीवर उपकर बसवून प्रचारासाठी समिती नेमली गेली. १९३६ साली मुंबईत चर्चगेटला पहिले कॉफी हाउस निघाले. पुढे कॉफी मंडळाने शहरोशहरी ती चालवली. लोकांना चव लागली.

१९५० नंतरच्या दशकात मात्र मंडळाने ही कॉफीगृहे बंद करायला घेतली. कामगार उघड्यावर पडले. खासदार ए. के. गोपालन यांनी त्यांना सल्ला दिला की, सहकारी संस्था काढा आणि तुम्हीच चालवा. १९ ऑगस्ट १९५७ रोजी बंगळूरला पहिली संस्था स्थापन झाली. त्याच वर्षी २७ ऑक्टोबरला दिल्लीत कामगारांचे पहिले कॉफी हाउस उघडले. कालचे नोकर आज सभासद झाले.

परतीच्या गाडीत एका तरुणाने विचारले, "आपल्या टोमॅटोचे, दुधाचे असे काही जमेल का?"

जमेल. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. त्या कामगारांकडे भांडवल नव्हते, तरी काम हाती होते. कॉफी कशी करावी, सामान कुठून आणावे, गिऱ्हाईक कसे सांभाळावे, हे त्यांना संस्था निघण्याआधीच ठाऊक होते. आपल्याकडे उलटे होते. आधी फलक लागतो, हारतुरे होतात, आणि धंदा शिकायचे मागाहून ठरते. मग दोन वर्षांत कुलूप.

तेव्हा संस्था काढण्यापूर्वी गावातल्या चार-दोघांनी शहरातल्या एखाद्या दुकानात, खानावळीत सहा महिने काम करावे. कपबश्या विसळाव्या लागल्या तरी लाजू नये. माल किती लागतो, किती नासतो, उधारी कुठे बुडते, हे वहीत टिपावे. ती वही हेच पहिले भागभांडवल समजावे. घरच्या बायकांनाही हिशेबाला बसवावे. पै-पैचा मेळ त्या चांगला घालतात.

फलक मागाहून रंगवता येईल.