शेततळे की उघडी टाकी?

शेततळ्याला सरसकट जलसंधारण म्हणणे आता बंद करायला हवे. मी सगळ्या शेततळ्यांबद्दल बोलत नाही. ज्याच्या पोटात काळे प्लास्टिक अंथरले आहे आणि ज्यात विहिरीचे किंवा बोअरचे पाणी पंपाने उपसून भरले जाते, त्याबद्दल बोलतो आहे. नाशिकहून निफाड, चांदवड, दिंडोरी, सिन्नर, कुठल्याही वाटेने जा, अशी तळी दिसतात. जाहिरातीत आणि भाषणांत त्यांचा उल्लेख 'पाणी अडवा, पाणी जिरवा' याच्याच ओळीत होतो. इथे पाणी अडवलेले नाही आणि जिरवलेले तर मुळीच नाही. जिरलेले पाणी वर काढून उन्हात ठेवले आहे.

सिन्नरकडची आमची भाचेमंडळी हे वाचतील आणि म्हणतील, "मामा, तुम्ही गंगापूरच्या नळाचे पाणी पिता, तुम्हाला काय कळणार?" म्हणू देत. मी बी.ए. झालेला साधा मास्तर आहे, शास्त्रज्ञ नाही. पण जन्मभर भूगोल शिकवला आणि गुणाकार-भागाकार अजून येतो. तेवढ्यावर हे प्रकरण समजते.

यात तीन शास्त्रे गुंतलेली आहेत. पहिले पदार्थांचे, म्हणजे त्या प्लास्टिकचे. शेतकरी त्याला नुसते 'कागद' म्हणतात. साधारण ५०० मायक्रॉन, म्हणजे अर्धा मिलिमीटर जाडीचा हा कागद. उन्हात टिकतो, फाटत नाही, थेंबभर पाणी खाली जाऊ देत नाही. उत्तम वस्तू आहे, ती शोधणाऱ्यांना माझा नमस्कार. या शास्त्राचे आपण लगेच ऐकले, कारण ते विकत मिळते आणि त्यावर अनुदानही मिळते.

दुसरे पदार्थविज्ञान, शाळेतलेच. उघड्या पाण्याची वाफ होते. आपल्याकडे मार्च ते मे उघड्या पाण्यावरून दिवसाला सहा मिलिमीटर पाणी उडते, असे धरले तरी ते कमीच धरल्यासारखे आहे. तीस मीटर लांब आणि तीस मीटर रुंद तळ्याचा पृष्ठभाग ९०० चौरस मीटर. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. म्हणजे रोज ५,४०० लिटर. नव्वद दिवसांचे झाले ४ लाख ८६ हजार लिटर. पाणी उतरते तसा पृष्ठभागही आक्रसतो, म्हणून आपण चार लाखच धरू. दहा हजार लिटरचे चाळीस टँकर! माणशी ४० लिटर धरले तर ११० माणसांचे तीन महिन्यांचे पाणी. एका तळ्यातून, कोणाच्याही पिकाला न लागता, आकाशात. हेच पाणी जमिनीखाली खोल राहिले असते तर त्याला ऊन लागले नसते.

तिसरे शास्त्र जमिनीचे आणि तिच्या पोटातल्या पाण्याचे. त्याचे कोणीच ऐकत नाही. महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भाग काळ्या बसाल्ट खडकावर आहे, नाशिक जिल्हाही त्यावरच. हा खडक वाळूसारखा पाणी पीत नाही. पाणी असते ते मुरुमात आणि खडकाच्या भेगांत. शंभर घनमीटर खडकातून दोन-तीन घनमीटर पाणी निघाले तरी पुष्कळ. आता तीस बाय तीस बाय तीन मीटरच्या, उतरत्या काठांच्या तळ्यात सुमारे २२ लाख लिटर, म्हणजे २,२०० घनमीटर पाणी मावते. शेकडा दोनच्या हिशेबाने ते भरायला १ लाख १० हजार घनमीटर खडक कोरडा करावा लागतो. म्हणजे अकरा हेक्टर जमिनीखालची पातळी एक मीटरने खाली! सत्तावीस एकर. तळे खोदणाऱ्याची स्वतःची जमीन असते तीन-चार एकर. मग उरलेले पाणी कोणाच्या बांधाखालचे? ज्याच्याकडे बोअरला पैसे नाहीत, त्याचेच ना?

मूळ कल्पना अशी नव्हती. रानातून वाहून जाणारे पावसाचे पाणी खड्ड्यात धरायचे, पावसाने ताण दिला की एखादे पाणी पिकाला द्यायचे आणि उरलेले मुरू द्यायचे. २०१६ साली राज्याने 'मागेल त्याला शेततळे' योजना आणली, ५० हजारांपर्यंत अनुदान दिले, तेव्हाही कोरडवाहू शेतकऱ्याचेच नाव पुढे होते. पण कागद अंथरला की मुरणे संपले. पंप जोडला की पावसाशी नातेही संपले. हे काही मलाच दिसले असे नाही. ईश्वर काळे यांनी २०१७ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त याच गैरवापरावर लेख लिहिला होता. वाचणाऱ्यांनी वाचला, अनुदान देणाऱ्यांनी बहुधा नाही.

आता शेतकऱ्याची बाजू. ती खोटी नाही. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर द्राक्षवेलीला पाणी लागतेच. पुढच्या हंगामाचा घड तेव्हाच काडीत ठरतो. त्या दोन महिन्यांत विहीर आटली तर बाग जाते आणि बागेवरचे कर्ज मात्र राहते. वीज येते रात्री-बेरात्री, तेव्हा तळे भरलेले असले की माणूस सुखाने झोपतो. हे सगळे मला मान्य आहे. पण प्रत्येकाने स्वतःच्या झोपेसाठी सगळ्यांच्या खालचे पाणी वर ओढून ठेवायचे ठरवले, तर दिवाळीनंतर जो आधी ओढेल तो जिंकेल आणि गावाची विहीर फेब्रुवारीतच तळ दाखवील. मग हेच गाव टँकर मागणार, तोही सरकारी पैशानेच. एकदा उपसायला अनुदान आणि एकदा आटले म्हणून टँकर!

त्या कागदाची आणखी एक किंमत आहे. ओला झाला की तो शेवाळाने निसरडा होतो, आत पडलेल्याला काठ चढता येत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत तळ्यात बुडालेल्या मुलांची बातमी दर वर्षी वाचायला मिळते. एक दोरी आणि कुंपण, एवढेही जमू नये?

संशोधन कमी पडले असे कोणी म्हणू नये. आपल्याच नाशकात दिंडोरी रोडवर 'मेरी', म्हणजे महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, १९५९ पासून आहे. माती, काँक्रीट, धरणाचे पाणी यांच्या परीक्षा तिथे होतात. भूजल सर्वेक्षण यंत्रणा विहिरींच्या पातळ्या मोजते. भूजल अधिनियम २०१४ पासून लागू आहे, त्यात शेतीसाठी साठ मीटरपेक्षा खोल विहिरीला मनाई आहे. बोअरच्या गाड्या रात्री किती खोल जातात ते गावात कोणालाही विचारा. प्रत्येक शास्त्र आपापल्या खोलीत बरोबर आहे. त्यांची बेरीज करायला मात्र कोणी बसत नाही.

ती बेरीज गावाला करता येते. हिवरे बाजारने केली. पाऊस मोजायचा, ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडायचा, त्यावरून पिके ठरवायची, आणि शेतीला बोअरचे पाणी नाही. आपल्याकडे मोसम-आरमच्या काठची फड पद्धत तर शेकडो वर्षांची. बंधाऱ्याचे पाणी सगळ्यांचे, फडात एकच पीक, पाटकरी गावाने नेमलेला.

म्हणून माझे म्हणणे सरळ आहे. कागदाला अनुदान द्यायचे तर पावसाचे किंवा पुराचे पाणी भरणाऱ्या तळ्यालाच द्या. बोअरच्या पाण्याने भरणाऱ्याला एक पैसाही नको. आणि गावाचा ताळेबंद मांडल्याशिवाय नवे तळे नको.

भाच्यांनो, रागावला असाल तर एक करा. येत्या एप्रिलात आठवडाभर तळ्यात पाणी सोडू नका आणि काढूही नका. पहिल्या दिवशी काठावर खूण करा, आठव्या दिवशी पाणी किती बोटे उतरले ते मला फोनवर सांगा. लांबी-रुंदीने गुणायचे काम मी करीन.