प्रशासन शिकवायचे, पण कोणाचे?

एखाद्या विद्याशाखेचे नियतकालिक नव्या संपादकांच्या हाती गेले, की पहिल्याच अंकात ते आपले संकल्प जाहीर करतात. सामान्य वाचकाच्या ही गोष्ट गावीही नसते. परंतु ते नियतकालिक जर लोकप्रशासनाच्या अध्यापनाला वाहिलेले असेल, तर त्याचा तुमच्या-आमच्या घराशी वाटतो त्याहून अधिक निकटचा संबंध आहे. तहसील कचेरीच्या खिडकीपलीकडे बसलेला माणूस उद्या आपल्याशी कसा वागणार, याचे थोडे तरी बीज वर्गातच पेरले जाते. म्हणून तो वर्ग कोण घडवतो, हे विचारण्याचा अधिकार करदात्या नागरिकाला आहे.

या एकाच कामाला वाहून घेतलेली दोन नियतकालिके जगात प्रतिष्ठित मानली जातात. ब्रिटनमधील ‘टीचिंग पब्लिक ॲडमिनिस्ट्रेशन’ हे एक. दुसरे अमेरिकेतील ‘जर्नल ऑफ पब्लिक अफेअर्स एज्युकेशन’. ते १९९५ पासून निघते आणि त्याच्या पाठीशी ‘नास्पा’ ही १९७० साली स्थापन झालेली शिक्षणसंस्थांची संघटना उभी आहे. अंदाजपत्रक कसे शिकवावे, नीतिमत्तेचा पाठ कोरडा न होता कसा द्यावा, विद्यार्थ्याला नगरपालिकेत उमेदवारीसाठी पाठवावे तर कसे, अशा प्रश्नांवर तेथील प्राध्यापक गांभीर्याने लिहितात. अध्यापन हा स्वतंत्र चिंतनाचा विषय आहे, हे त्यांनी मानले. त्याबद्दल त्यांचे मोकळ्या मनाने अभिनंदनच करावे लागेल.

प्रश्न उद्भवतो तो संकल्पांच्या यादीतील एका लाडक्या शब्दापाशी. तो शब्द म्हणजे ‘आंतरराष्ट्रीयीकरण’. अशा नियतकालिकांची धुरा नव्या हाती आली, की अन्य देशांतून अधिक लेखन यावे, ही इच्छा हमखास प्रकट होते. इच्छा चांगलीच आहे. पण या पंगतीत भारतीय प्राध्यापकाचे पान बहुधा कोठे मांडले जाते? सिद्धान्त त्यांचा, कसोट्या त्यांच्या, भाषा त्यांची. आपण पुरवायचे ते केवळ उदाहरण. कच्चा माल येथून जावा आणि पक्का माल तेथून यावा, हा व्यवहार दादाभाईंच्या काळापासून आपल्या परिचयाचा आहे.

तथापि सारा दोष परदेशी संपादकांच्या माथी मारणे ही आत्मवंचना होईल. आपल्या विद्यापीठांतील लोकप्रशासनाचा अभ्यासक्रम उघडून पाहावा. आरंभ ठरलेला : वुड्रो विल्सन यांचा १८८७ चा निबंध. मग वेबर, मग १९३७ मधील ल्यूथर गुलिक यांचे ‘पोस्डकॉर्ब’. विद्यार्थी ही अक्षरे घोकतो आणि उत्तीर्ण होतो. विल्सन यांनी तो निबंध का लिहिला, हे मात्र त्याला क्वचितच कोणी सांगते. अमेरिकेत निवडणूक जिंकणारा पक्ष सरकारी नोकऱ्या आपल्या माणसांत वाटून टाकत असे. त्या लुटीला देश विटला होता. नोकरी न मिळाल्याने चिडलेल्या एका इसमाने १८८१ साली राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या आणि त्यात त्यांचा अंत झाला. १८८३ मध्ये पेंडलटन कायदा आला, गुणवत्तेवर भरती सुरू झाली. या पार्श्वभूमीवर विल्सन राजकारण आणि प्रशासन वेगळे करू पाहत होते. म्हणजे ते स्वतःच्या देशाच्या दुखण्यावर औषध शोधत होते. आपण त्यांचे औषध पाठ केले. आपले दुखणे तपासलेच नाही.

आपले दुखणे निराळे आहे. येथे १७७२ साली वॉरन हेस्टिंग्जने ‘कलेक्टर’ नेमला तो सारा वसूल करण्यासाठी. मराठीत आपण त्याला जिल्हाधिकारी म्हणू लागलो, पण त्या खुर्चीची जन्मकथा नाव बदलल्याने पुसली जात नाही. वसुलीसाठी उभारलेली यंत्रणा स्वतंत्र देशात सेवेसाठी कशी वळवायची, हा आपल्या लोकप्रशासनाचा मूळ प्रश्न. त्यावर किती वर्गांत तास खर्ची पडतो?

सातबाराचेच पाहा. गाव नमुना सात हा हक्काचा, बारा हा पिकांचा. दोन्ही मिळून सातबारा. मुंबई इलाख्यातील महसुली अधिकारी अँडरसन यांच्या पुस्तिकेने गावपातळीवरील हिशेबांचे एकवीस नमुने रूढ केले. शेतकऱ्याच्या घरातील भांडणे, कर्जे, वाटण्या, मुलीचा हक्क, सारे या कागदांत उतरते. मी पदव्युत्तर वर्गात एकदा विचारले, की गाव नमुना सहा म्हणजे काय? सबंध वर्गात एकच हात वर आला, तोही ज्याच्या घरात फेरफाराचा वाद चालू होता त्याचा! रिग्ज यांचे ‘प्रिझमॅटिक’ प्रतिमान मात्र सर्वांना तोंडपाठ होते.

वस्तुतः महाराष्ट्राकडे या विषयाचे भांडवल थोडेथोडके नाही. लोकप्रशासनाचा देशातील पहिला स्वतंत्र विद्यापीठीय विभाग १९४९-५० मध्ये निघाला तो नागपूरला, आणि त्याच्या नावात ‘स्थानिक स्वराज्य’ हा शब्द होता. बलवंतराय मेहता समितीने १९५७ मध्ये विकासगटाला बळ द्यावे म्हटले; आमच्या वसंतराव नाईक समितीने विचारपूर्वक वेगळी वाट धरली आणि जिल्हा परिषदेला केंद्रस्थानी ठेवले. १ मे १९६२ पासून ती रचना आपण चालवत आहोत. दिल्लीची शिफारस तशीच न उचलता एका राज्याने ती का बदलली, ही उत्तम पाठवस्तू आहे. पण वर्गात तिचे काय होते? समितीचे नाव, साल, अध्यक्ष. गुण दोन.

असे का घडले, हे उघड आहे. १९८७ मध्ये हा विषय केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत वैकल्पिक म्हणून आला आणि मार्गदर्शिकांच्या बाजारात शिरला. दुसरीकडे २०१० च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या विनियमांनी प्राध्यापकाची बढती गुणांकांशी बांधली. मग लेख छापणे हा उद्योग झाला; पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखी उगवली. २०१८ मध्ये आयोगालाच आपल्या यादीतून ४,३०५ नियतकालिके काढून टाकावी लागली. पुढे ‘केअर’ यादी आली, तीही २०२५ मध्ये बंद झाली. या साऱ्या धावपळीत ‘मी आज वर्गात काय शिकवले आणि ते का फसले’ असा प्रामाणिक लेख कोण लिहिणार? त्याला गुण कोण देणार?

येथे आपल्याच मंडळींनाही दोन शब्द ऐकवले पाहिजेत. भारतीय परंपरा शिकवायची म्हणजे पहिल्या पानावर कौटिल्याचे चित्र छापायचे आणि आत जुनाच मजकूर ठेवायचा, हा स्वाभिमान नव्हे. म्हैसूरला शामशास्त्रींच्या हाती १९०५ मध्ये अर्थशास्त्राची पोथी आली आणि १९०९ मध्ये ती छापली गेली. पुढे मुंबई विद्यापीठासाठी र. पं. कंगले यांनी तिची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. अधिकारी सरकारी धन कोणत्या चाळीस प्रकारे खातात, याची त्या ग्रंथात नावनिशीवार मोजदाद आहे. जमा उशिरा दाखवणे, खर्च आधी टाकणे, एकाचे दुसऱ्याच्या नावे लिहिणे. लेखापरीक्षणाच्या तासाला ही यादी ग्रामपंचायतीच्या रोकडवहीशेजारी ठेवून शिकवता येईल. गौरवगीत गाणे सोपे आहे, म्हणून हे कोणी करत नाही.

लोकप्रशासनाच्या अध्यापनाला वाहिलेले मराठी नियतकालिक आता निघाले पाहिजे. राजभाषा अधिनियम १९६४ चा आहे, भाषा संचालनालयाचा लोकप्रशासन परिभाषा कोशही आहे. शब्दांची सबब चालणार नाही. त्याच्या संपादक मंडळात प्राध्यापकांबरोबर एखादा निवृत्त नायब तहसीलदार आणि कामावरचा ग्रामसेवक असावा. इंग्रजीत लिहू नये, असे माझे म्हणणे नाही. येथे तावूनसुलाखून निघालेले लेखन खुशाल बाहेर जावे. परदेशी संपादकांनी आंतरराष्ट्रीयीकरण खरोखर मनावर घेतले असेल, तर त्यांनी ते भाषांतर करून घ्यावे.

आणि पहिल्या अंकासाठी विषयही सुचवतो. विद्यार्थ्याने एका फेरफार नोंदीचा मागोवा घ्यावा : अर्ज केव्हा आला, नोटीस कोणाला पोहोचली, हरकतीचे पंधरा दिवस प्रत्यक्षात कसे मोजले गेले, नोंद कोणत्या टेबलावर किती दिवस पडून राहिली, आणि अर्जदार म्हातारीला किती हेलपाटे पडले. तो अहवाल जसाच्या तसा छापावा. खाली त्याच्या प्राध्यापकाचे टिपण असावे आणि त्याखाली संबंधित तहसीलदाराचे उत्तर.