पेटीतल्या बाळाची आई

ऑगस्ट उजाडला की दवाखान्यांच्या भिंतींवर एक चित्र लागते. पदराआड बाळाला घेतलेली, समाधानी चेहऱ्याची आई. १ ते ७ ऑगस्ट हा जागतिक स्तनपान सप्ताह १९९२ पासून पाळला जातो. त्याची तारीख आली ती १९९० साली इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये झालेल्या जाहीरनाम्यावरून, आणि त्या जाहीरनाम्याला नाव मिळाले ते जिथे तो मंजूर झाला त्या इमारतीचे, ‘इनोचेंती’. पंधराव्या शतकात ब्रुनेलेस्कीने रचलेली ही वास्तू टाकून दिलेल्या मुलांच्या संगोपनासाठी बांधली होती. आईपासून तुटलेल्या बाळांच्या घरातून निघालेल्या सप्ताहाच्या चित्रात आज तशी ताटातूट झालेली बाळ-बाळंतीण कुठेच नसावी, हे जरा चमत्कारिक आहे.

ती असते वॉर्डात. सातव्या-आठव्या महिन्यात बाळंत झालेली, कुशीत कोणी नाही. बाळ वरच्या मजल्यावर काचेच्या पेटीत. उशाशी बसलेली सासू किंवा मावशी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, “दूध अजून उतरलं नाही. तिसऱ्या दिवशी येईल. थकलीय पोर, झोपू द्या तिला.” मायेचे बोलणे आहे, पण या बाळासाठी फार महाग पडणारे. वार पडली की शरीरातली संप्रेरके बदलतात आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी छाती भरून येते, हे खरेच. पुढे ते दूध वाढणार की आटणार, हे मात्र पहिल्या दिवसापासून ते किती वेळा काढले यावर ठरते. म्हणून पेटीतल्या बाळाच्या आईने जमल्यास जन्मानंतर तासाभरात, निदान सहा तासांच्या आत पहिल्यांदा दूध काढायला बसायचे असते. तिसऱ्या दिवसाची वाट पाहायची नसते.

पहिले दोन दिवस यंत्रापेक्षा हात बरा. चीक घट्ट असतो, थेंबाथेंबाने येतो आणि पंपाच्या भांड्यालाच चिकटून राहतो. हाताने पिळून चमच्यात किंवा सिरिंजमध्ये धरला तर वाया जात नाही. अर्धा चमचा निघाला म्हणून बाई हिरमुसते. दीड किलोच्या बाळाला त्याहून जास्त तेव्हा हवेही नसते, आणि कमी दिवसांच्या बाळांच्या आतड्यांना होणाऱ्या एका जीवघेण्या आजाराचा धोका याच दुधाने कमी होतो.

मग किती वेळा? चोवीस तासांत आठ ते बारा वेळा. दर वेळी पंधरा-वीस मिनिटे, दोन्ही बाजूंनी. घड्याळ लावून नेमके तीन-तीन तासच झाले पाहिजेत असे नाही. दुपारी दोनदा लागोपाठ काढले आणि संध्याकाळी जरा उशीर झाला तरी चालते. दिवसाची एकूण बेरीज भरावी आणि मधली फट चार-पाच तासांपलीकडे जाऊ नये. रात्रीची खेप तर चुकवूच नये, कारण दूध तयार करणारे प्रोलॅक्टिन रात्री अधिक असते. दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस दिवसाला अर्धा ते पाऊण लिटर निघू लागले, की पुढची वाट बरीच सोपी होते.

ज्या घरात दुभते जनावर आहे तिथे हे समजावून सांगावे लागू नये. धार काढायची राहिली की म्हैस आटते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. उपमा नाजूक आहे, पण तत्त्व तेच: दूध साचून राहिले की त्याच दुधातला एक घटक ‘आता पुरे’ असा निरोप देतो. गोठ्यातले हे शहाणपण माजघरात येईपर्यंत कुठे हरवते कोण जाणे. बाळंतिणीसाठी आपल्याकडे अळीव, डिंक, खसखस, शेक, मालिश असा केवढा थाट असतो! सगळा दूध यावे म्हणून. ते काढायला तिला दिवसातले तीन तास कोण मोकळे करून देणार, याचा हिशेब त्या थाटात नसतो. वास्तविक शेकानंतर, मालिशीनंतर काढायला बसले तर पान्हा लवकर फुटतो. बाळाला उघड्या छातीशी कांगारूसारखे धरल्यानंतर तर आणखीच.

आता उलट बाजू. डोहाळजेवणात हल्ली भेट म्हणून ब्रेस्ट पंप येतो. पूर्ण दिवसांचे बाळ नीट ओढत असेल, तर पहिले तीन-चार आठवडे तो कपाटातच बरा. बाळ स्वतःच दिवसातून आठ-बारा वेळा पिते, त्याच्याइतके चांगले यंत्र अजून कोणी केलेले नाही. वर आणखी काढत राहिले तर दूध गरजेपेक्षा वाढते, गाठी होतात, छाती सुजते, ताप येतो. शिवाय पंपाच्या बाटलीवर मिलीलिटरच्या रेघा असतात. त्या पाहून, पोटभर पाजणारी बाईसुद्धा “मला दूधच कमी आहे” म्हणू लागते, आणि वरच्या दुधाचा डबा घरात येतो. छाती दगडासारखी भरून बाळाला तोंडात धरता येत नसेल तर हाताने थोडे काढून ती मऊ करावी. कावीळ झालेले बाळ सुस्तावून ओढत नसेल तर काढून वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजावे. एरवी पंपाची घाई नको.

महाराष्ट्राला या विषयात मागे राहायचे कारण नाही. आशियातली पहिली मातृदुग्धपेढी १९८९ साली मुंबईत, शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी उभी केली. पण पेढीचे दूध हा दुसरा पर्याय, पहिला हक्क सख्ख्या आईच्या दुधाचा. त्यासाठी अतिदक्षता विभागाशेजारी एक पडदा, पाठ टेकता येईल अशी खुर्ची, हात धुवायला नळ आणि पहिल्या सहा तासांत “चला, काढायला शिकवते” म्हणणारी एक सिस्टर लागते. सप्ताहाच्या फलकांच्या छपाईत यातले पडदा आणि खुर्ची तरी सहज बसावेत.

खरा घोळ आईला घरी सोडल्यावर होतो. बाळ जिल्ह्याच्या गावी, आई तालुक्याला किंवा त्याही पलीकडे. काढलेले दूध बाहेर चार तास टिकते म्हणतात ते पंचवीस अंशांच्या आतल्या खोलीत. आपल्या मे महिन्यात तो हिशेब धरू नये. बर्फाच्या डब्यातून, वर वेळ लिहून ते पोहोचवायचे, तर ते काम घरातल्या पुरुषाचे. भांडी उकळण्याचेही त्याचेच. आणि पहाटे तीनचा गजर बाळंतिणीच्या उशाशी नको. तो नवऱ्याच्या फोनवर लावावा. उठून आधी वाटी धुऊन ठेवावी, मग तिला हाक मारावी.