येणार ना

"लिहिलेल्या शब्दाला स्वर नसतो, म्हणून मोबाईलवर गैरसमज होतात," असे आमच्या कचेरीत कोणीतरी रोज चहाबरोबर सांगतो. मला हे मुळीच पटत नाही.

मराठी पत्राला स्वर होता आणि तो चांगला ठणठणीत होता. मोठ्यांना शिरसाष्टांग नमस्कार, धाकट्यांना अनेक आशीर्वाद. मायना वाचला की लिहिणाऱ्याने आपल्याला कुठल्या पाटावर बसवले आहे ते कळे. माथ्यावर 'श्री' नसेल तर पुढे वाचण्याआधीच हात थरथरे, कारण मरणाची बातमी तशी येई. हे सगळे जुनाट म्हणून आम्हीच टाकून दिले. आणि आता एका 'ओके'च्या मागे काय दडले आहे ते हुडकत रात्र जागवतो!

माझे अर्धे आयुष्य फायलींत गेले. साहेबांनी 'प्लीज स्पीक' लिहिले की ओळखायचे, काहीतरी शिजते आहे. शब्द दोनच, पण अर्थाबद्दल कोणाचे दुमत नाही, कारण तो सगळ्यांनी मिळून ठरवलेला आहे. कॅनडात 2023 साली जवसाच्या एका सौद्यात न्यायालयाने अंगठ्याचे चित्र हीच सही धरली आणि शेतकऱ्याच्या कंपनीला सुमारे 82,000 डॉलर भरायला सांगितले. आमच्याकडे लोक हसले. पण न्यायालयाने त्या दोघांचा आधीचा व्यवहार पाहिला होता, आणि तोही असाच एकेका शब्दावर चालत असे. म्हणजे अर्थ चित्रात नव्हता, संबंधात होता.

तेव्हा यंत्राला शिव्या घालू नका. दोष आहे तो पुरते वाक्य लिहिण्याच्या आळसाचा, आणि सरळ विचारायला आड येणाऱ्या आपल्या मानाचा. मी हे कोणत्या तोंडाने सांगतो तेही ऐका.

दादा वास्कोला असतो. घराच्या वाटणीवरून आमचे जरा तिरके चालले होते. गेल्या चवथीआधी मी विचारले, येणार का? त्याने रोमी अक्षरांत उत्तर टाकले, 'येणार ना'. आता आम्ही पडलो गोंयकार. मराठी 'ना' म्हणजे येणारच की. कोंकणी 'ना' म्हणजे नाही. घरात बोलतो कोंकणी, लिहितो मराठी, मोबाईलवर दोन्हींची खिचडी. ही म्हणाली, "अहो, भावोजी येतो म्हणतायत." मी मात्र वाटणीचा सगळा राग त्या एका अक्षरात वाचला. पुढे हसरा चेहरा नव्हता, त्याचाही अर्थ लावला! फोन लावायला एक मिनिट लागले असते. लावला नाही.

चवथीच्या सकाळी दादा, वहिनी, मुले दारात. दादाच्या हातात माटोळीसाठी सुपारीचा घोस. दरवर्षी माटोळी तोच बांधतो. यंदा मी त्याची वाट न पाहता आदल्या दिवशीच बांधून मोकळा झालो होतो.

त्याने वर पाहिले, घोस कोपऱ्यात ठेवला आणि विचारले, "माझा मेसेज तुला पोचला नव्हता?"

मी म्हटले, नाही पोचला. त्या दोन निळ्या खुणा त्याने पाहिल्याच असणार.