पलंगाशेजारची धाकटी बहीण

शहरजादचे नाव ठाऊक नाही असे घर आपल्यात सापडणे कठीण. नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर ‘अलिफ लैला’ लागायची. (नाव खरे ‘अल्फ लैला’. उर्दूत दोन्ही शब्द लिहायला सारखेच. पण अलिफ म्हणजे अक्षर आणि अल्फ म्हणजे हजार.) पण शहरजादच्या धाकट्या बहिणीचे नाव काय? सांगोल्यातल्या माझ्या आठवीच्या वर्गात विचारले, तर अलाउद्दीन, अलीबाबा ही नावे भराभर आली. गंमत अशी की या दोन गोष्टी जुन्या अरबी हस्तलिखितांत नाहीतच; हलब शहरच्या हन्ना दियाबने त्या १७०९ मध्ये पॅरिसला गालाँ या फ्रेंच पंडिताला सांगितल्या. जी पहिल्या रात्रीपासून तिथे बसली आहे, त्या दुनियाजादचे नाव मात्र एकीनेही घेतले नाही.

तिच्यावाचून गोष्ट सुरूच होत नाही. बादशहा शहरयार रोज एका मुलीशी निकाह करतो आणि सकाळी तिला ठार मारतो. वजिराची थोरली लेक स्वतःहून जायला निघते. वडील परोपरीने समजावतात, ती ऐकत नाही. पण निघण्याआधी धाकटीला सांगून ठेवते: मी तुला बोलावून घेईन, तू ये, आणि रात्र सरावी म्हणून मला एखादी गोष्ट सांगायला सांग. दुनियाजाद येते. ज्या महालातून एकही मुलगी जिवंत परतलेली नाही, तिथे ही पोर पलंगाशेजारी बसून, ठरल्याप्रमाणे, गोष्ट मागते. बादशहा फक्त ऐकायला राजी होतो. जिन्न आणि तिलिस्म नंतर येतात. आधी आहे ती दोघी बहिणींनी घरी केलेली मसलत.

सगळ्याच बहिणी अशा गोड नाहीत, आणि म्हणूनच मला हा ग्रंथ खरा वाटतो. बगदादच्या एका बाईकडे दोन काळ्या कुत्र्या आहेत. ती त्यांना चाबकाने मारते आणि मग रडत रडत त्यांचे डोळे पुसते, डोक्याचे मुके घेते. त्या तिच्या सख्ख्या थोरल्या बहिणी. नवऱ्यांनी लुबाडून सोडले तेव्हा हिने त्यांना घरात घेतले. त्यांनी जळफळून हिला झोपेत समुद्रात ढकलले. हिचे उपकार मानणाऱ्या एका परीने त्यांच्या कुत्र्या केल्या आणि रोज तीनशे फटक्यांचा हुकूम दिला. शिक्षा चुकवता येत नाही आणि माया सुटत नाही. जमिनीच्या वाटणीवरून बोलणे बंद झालेल्या बहिणी आपल्या ओळखीत नाहीत का?

शेवट तर कितीजणींना माहीतच नसतो. बर्टनच्या प्रतीत शहरयारचा भाऊ शाहजमान दुनियाजादला मागणी घालतो, तेव्हा शहरजाद अट घालते की त्याने इथेच राहायचे, बहिणीपासून घटकाभरही दूर राहणे मला सोसणार नाही. तो कबूल होतो, आणि समरकंदचे राज्य जाते सासऱ्याला! आपल्याकडे एक बहीण जतला, दुसरी पुण्याला, भेट ईदला किंवा कुणाच्या निकाहात, तीही स्वयंपाकघरात. स्थळ बघताना मेहर ठरते, जेवणावळ ठरते. बाजी किती लांब राहते, हे कोण विचारते?

मराठीत या गोष्टी कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी एकोणिसाव्या शतकातच आणायला घेतल्या. बर्टनचे सोळा खंड गौरी देशपांडे यांनी मराठीत केले आहेत. ते मोठ्यांनी वाचावेत, मुलांच्या हाती देण्याजोगे नाहीत. मुलींना निवडून, तोंडीच सांगा. बगदादच्या बहिणींपासून सुरुवात करा. कुत्र्या आल्या की चुळबूळ थांबते.