करोडगिरी गेली, नाका राहिला

निजामाच्या राज्यात सरहद्द ओलांडायची तर माल करोडगिरीच्या नाक्यावर थांबे. जकात वेगळी आणि नाणेही वेगळे, हाली शिक्का. संस्थान 1948 साली भारतात आले आणि पुढे ही सगळी यंत्रणा इतिहासजमा झाली. आज लातूर जिल्ह्यातल्या जळकोटची तूर उदगीरच्या डाळमिलला निघाली, तर वाटेत तिला कोणी अडवत नाही.

दक्षिण आशियात मात्र नाकेच नाके आहेत. इथल्या देशांची ‘सार्क’ संघटना 1985 मध्ये ढाक्याला जन्मली, त्यांचा ‘साफ्ता’ हा मुक्त व्यापार करार 2006 पासून अमलात आला. तरी या देशांचा आपसातला व्यापार त्यांच्या एकूण व्यापाराच्या पाच टक्क्यांच्या आसपासच; आग्नेय आशियाच्या ‘आसियान’मध्ये तो पावपट भरतो. 2014 च्या काठमांडू परिषदेनंतर सार्कची शिखर परिषद भरलेलीच नाही. हा विषय दिल्लीतल्या चर्चासत्रांचा, असे जळकोटकरांना वाटेल. पण तो त्यांच्या काट्यावर कधीच येऊन ठेपला आहे.

सप्टेंबर 2024 मध्ये केंद्राने खाद्यतेलावरील आयात शुल्क वाढवले. सोयाबीनला आधार मिळावा, हा हेतू. त्यानंतर नेपाळमधून शुद्ध सोयातेल साफ्ताच्या सवलतीत, शून्य शुल्कात येऊ लागले. नेपाळात सोयाबीन पिकते ते किती? कच्चे तेल परदेशातून आणायचे, तिथे शुद्ध करायचे आणि सवलतीच्या वाटेने भारतात उतरवायचे, असा हा मामला. इकडे आडतीवर सोयाबीनचे मूठभर दाणे यंत्रात पडतात, ओलाव्याचा आकडा बारावर गेला की भाव कापला जातो. त्या हंगामात हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता आणि शेतकऱ्याच्या पदरात पडत होते चार हजारांच्या आसपास. सगळे खापर नेपाळवर फोडणे बरोबर नाही, पेंडीची मंदीही होतीच. पण आपणच घातलेल्या कुंपणाला आपल्याच करारातून भगदाड पडले, हे नाकारता येत नाही.

तुरीचेही तेच. म्यानमारची ‘लेमन तूर’ बाजारात सगळ्यांच्या ओळखीची. 2021 च्या समझोत्यानुसार तिथून वर्षाला एक लाख टन तूर घ्यायचे ठरले. डाळ महागली की शहरात ओरड होते, तेव्हा आयात करू नका, असे आम्ही म्हणणार नाही. प्रश्न वेळेचा आहे. आपली नवी तूर जानेवारीत खळ्यावरून निघते आणि नेमकी तेव्हाच आयातीच्या मुदतवाढीची बातमी आली, की सौदे खाली बसतात.

शेजाऱ्यांना दोष देताना आपलेही वागणे पाहावे. डिसेंबर 2023 मध्ये आपण कांद्याची निर्यात रातोरात बंद केली. त्याआधी 2019 च्या बंदीनंतर बांगलादेशाच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत येऊन, ‘स्वयंपाक्याला कांदा वापरू नको असे सांगितले आहे’, असा हसत टोमणा मारून गेल्या होत्या. शेजारीही असेच वागतात: बांगलादेशाने आपल्या संत्र्यावर शुल्क चढवले, तेव्हा फटका विदर्भाला बसला.

शेजारच्या देशांशी व्यापार वाढायलाच हवा. पण सवलतीच्या मालाचे मूळ सीमेवर नीट तपासा, आणि तूर-सोयाबीनच्या आयातीचे वर्षभराचे धोरण मृगाच्या आधी जाहीर करा. पेरणीला निघताना शेतकऱ्याला ते ठाऊक असले, तर शिवारात तूर किती आणि सोयाबीन किती, हे त्याचे तो ठरवील.